वारा पडल्यावर

चोडणच्या मानशीवर मी पाण्याचा खारटपणा मोजते.
महिन्यातून दोनदा, ओहोटी लागायच्या आधी,
काचेवर तीन थेंब, वहीत एक आकडा.
सरकारला तो कशाला हवा
ते मी विचारलेलं नाही.

पहिल्या खेपेला अर्ध्या बाह्यांचा कुर्ता होता, काळा.
बांधावरून येणारा कायतान लांबूनच हसला.
"काळं घातलंस? मग आज तूच जेवण."
डास तर कुठे दिसत नाहीत, मी म्हटलं.
"डास नव्हे बाय. डास निदान गातो.
हे न सांगता येतात."

वारा होता तोवर खरंच काही नव्हतं.
मग तिवरांची पानं थांबली,
पाण्यावरची सुरकुती गेली
आणि हवेला मिरपूड लागली.
तिळाच्या चतकोराएवढं चिलट,
दिसेपर्यंत चावून झालेलं असतं.
मनगट, कानाची पाळी,
मोज्याच्या वरची ती बोटभर उघडी जागा
जी आपल्याला आहे हेही मी विसरले होते.

रात्री रायबंदरच्या खोलीत नखांचं आणि कातडीचं भांडण.
सकाळी एकट्या डाव्या पायावर अठ्ठेचाळीस गांधी मोजल्या.
मोजणं हाच माझा धंदा.

दुसऱ्या खेपेला कायतानने पिशवीच आणली होती.
पांढरी पँट मी घातलेली, ती त्याने मोज्यांत खोचायला लावली.
खोबरेलात करंजाचं तेल, हातचं न राखता:
"मरत नाहीत याने. घसरतात."
दुकानातली ट्यूब आहे? तीही लाव,
तिचं नि माझं वैर नाही.
सोडणांची धुनी पेटवली, मला धुराच्या वाटेवर बसवलं,
डोळे चुरचुरतात म्हटलं तर म्हणाला, चुरचुरू देत.
हातात बिस्किटांच्या खोक्याचा पुठ्ठा.
हलवत राहा.
त्यांच्या पंखांना एवढा वाराही वादळ.

आणि चावलंच तर साबणाचं पाणी,
मग थंड फडकं,
मग भिजवलेल्या आमसुलाचा कोळ. गार लागतो, डाग पडतो, पडू दे.
श्वास अडला, ओठ सुजले, तर आमसूल नाही, सरळ फेरी गाठायची आणि डॉक्टर.
"आणि खाजयनाका."
हे तीनदा.

तुझं काय पण? तू तर नुसत्या बनियनवर.
त्याने दंड पुढे केला.
पाच-सहा चिलटं बसली होती त्यावर,
खानावळीत रोजची गिऱ्हाइकं बसावीत तशी.
चावत होती. गांध उठत नव्हती.
"साठ वर्सां खातायत. अंगाला कळलंय आता."

दार उघडायला पाणी अजून वीतभर उतरायचं होतं,
म्हणून जेसिंताची गोष्ट निघाली.
नात. स्विंडनच्या गोदामात खोकी बांधते.
सहा वर्षांनी नाताळला आली
आणि याच दगडावर येऊन बसली, उघड्या पायांनी,
जिथे बसून ती शाळा बुडवून गरी टाकायची.
संध्याकाळपर्यंत घोट्यांना भाकरीएवढी सूज,
रात्री ताप.
"मी आमसूल लावतोय, ती रडतेय.
म्हटलं, इतकं दुखतं?
म्हणाली, नाही शापाय.
ह्यांनी मला ओळखलं नाही."

मग तो उठला, कारण दार करकरलं
आणि खाजणातलं पाणी नदीकडे निघालं,
जाळ्यात दोन काळुंद्रं, एक प्लास्टिकची चप्पल.
मी माझे तीन थेंब घेतले.

वहीच्या समासात मी आता दुसरा आकडाही लिहिते,
तो कुणाला पाठवायचा नसतो.
अठ्ठेचाळीस. एकतीस. एकोणीस.
तेलामुळे असेल.

डावं मनगट मात्र
मी दर खेपेला कोरडं ठेवते.