शंभरातून सात

सोहारच्या कोर्टात एसी इतका गार
की मुबश्शिरनं दोन्ही हात बगलेत घातले.
दुभाषा म्हणाला, हात खाली घ्यायला सांग त्याला,
बरं दिसत नाही.

दुभाषा मलबारी.
मी मुबश्शिरचं बोलणं हिंदीत करतो,
तो माझी हिंदी अरबीत,
वाटेत काय काय सांडतं कोण जाणे.
“डोक्यात रात्रभर जनरेटर चालू असतो”
याचं त्यानं काय केलं असेल?
जजसाहेबांनी दोनच शब्द लिहिले.

मेडिकल कमिटीत डॉक्टरनं सांगितलं होतं,
शंभरातून सात वजा कर. करत राहा.
त्र्याण्णव.
शहाऐंशी.
मग बराच वेळ खिडकीबाहेर.
मग विचारलं, “सात कुणाला दिले?”
डॉक्टर हसला. मीही हसलो, चुकून.

कागदावर आलं: पस्तीस टक्के.

पस्तीस टक्क्यांत नेमकं काय गेलं?
कांद्याला काय म्हणतात ते गेलं.
दाभोळच्या खाडीत भांग कधी, उधाण कधी,
ते तिथीसकट शाबूत आहे.
नफिसाचं नाव आहे, तिचा आवाज गेला.
फोन आला की हा विचारतो, कोण बोलतंय,
आणि ती रोज सांगते, न चिडता,
सासरचं गाव, मुलांची नावं, मग स्वतःचं.
वास गेला. एकदा गॅस उघडाच राहिला,
खोलीत आम्ही आठजण झोपलेलो.
आमटीत मीठ कमी म्हणून ताट भिंतीवर,
मग तासभर भिंत पुसत बसणं.
आणि विडी सुटली त्याची, आपोआप.
ती कुठल्या रकान्यात लिहायची?

कंपनीचा वकील तरुण आहे.
कडक इस्त्रीची दिशदाशा, मंद अत्तर,
मुबश्शिरची तब्येत आधी विचारतो.
मग एक कागद पुढे सरकवतो:
कामगाराच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं.
खाली साक्षीदाराची सही.

सही माझी आहे.

त्या रात्री दवाखान्याच्या पॅसेजमध्ये
पीआरओनं कागद आणला, सगळा अरबीत.
म्हणाला, लवकर कर, आत डॉक्टर थांबलेत.
मी केली.
ऑपरेशन झालं.
दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि मला त्या
एका वाक्यात बसवता येत नाहीत,
कुठल्याच भाषेत.

हेल्मेट होतं. पिवळं. मागे मार्करनं मु. ह.
कानापासून कपाळापर्यंत तडा.
फोरमननं ते दोन बोटांनी उचललं
आणि पिकअपमध्ये ठेवलं, फुटलेलं अंडं ठेवावं तसं.
हनुवटीचा पट्टा मात्र माझ्याकडे राहिला.
गळ्याला काचत होता म्हणून मीच कापला होता तो
पाइप कापायच्या पात्यानं.
अकरा महिने बिस्किटाच्या डब्यात,
माझ्या पासपोर्टच्या झेरॉक्सखाली.
अकरा महिने मी डबा उघडून बिस्किटं खाल्ली
आणि झाकण लावलं.
व्हिसा मार्चमध्ये संपतो. रिन्यू कंपनी करते.

जजसाहेबांनी विचारलं,
सही करण्याआधी वाचलंस का?
दुभाष्यानं मला विचारलं.
मी खिशातून पट्टा काढून टेबलावर ठेवला.
म्हणालो, वाचता येत नाही साहेब.
पण हा मी कापलाय.
यावर त्याचं रक्त आहे, आता काळं पडलंय.
दुभाष्यानं सगळं सांगितलं असावं,
कारण वकिलानं पहिल्यांदा पेनचं टोपण लावलं.

तारीख पडली. पुढच्या महिन्याची.
पट्टा त्यांनी पाकिटात घालून ठेवून घेतला,
पावती दिली. तीही अरबीत.
या वेळी मी दुभाष्याला शब्द न् शब्द वाचायला लावली.
तो वैतागला, पण वाचली.

परतताना बंदराकडच्या सिग्नलला
आमची टॅक्सी थांबली.
मुबश्शिर हात बगलेत घालून बसलेला,
इथं मात्र उकडत होतं.
माझ्याकडे न बघता म्हणाला,
“एकोणऐंशी.”

मी पुढचा आकडा सांगायला तोंड उघडलं
आणि मलाही पटकन आठवेना.