जुनी मापं

ऑगस्टमध्ये ऑफिसातल्या पोरीचा फोन आला:
"मिस्टर ब्रोझेक, चौघांच्या कोटांची मापं हवीत.
तुमच्याकडे असतील ना?"
असणारच. माझी वही आहे,
सत्त्याहत्तर सालची, तेलकट पुठ्ठ्याची,
हेल्मेट किती, बूट किती, मान किती,
कुणाच्या कुठल्या गुडघ्याला किती वेढे पट्टी.
मी वाचत गेलो, ती लिहीत गेली.
दोघांपैकी एकालाही सुचलं नाही
की मधे चाळीसच्या वर वर्षं आहेत.

आता नोव्हेंबर. तलावावरून येणारा वारा
थेट हाडांची चौकशी करतो.
मध्यंतराची शिट्टी झाली,
पोरं वाफा सोडत बोगद्यात गेली,
आणि गवतावर गालिचा, गालिच्यावर चार खुर्च्या.
वरच्या कठड्यावर चार पडदे,
पडद्यांमागे चार नावं, अजून ओल्या रंगाची.

हॉलिस प्रूइट. ज्याचा उजवा हात
या गावानं भट्टीपेक्षा जास्त जपला.
(भट्टी गेली. हात आहे, पण कापतो.)
टॉलिव्हर, चौतीस नंबर.
त्याला धरायला आलेले धिप्पाड गडी
हवेलाच मिठी मारून पडायचे.
आज तो दोन पायऱ्या चढला
दोन्ही हातांनी कठडा धरून, एकेक पाऊल जुळवत,
आणि साठ हजार माणसं श्वास रोखून बघत राहिली,
जशी तेव्हा बघायची.

तिसऱ्या खुर्चीत रूफस टिलरीची बहीण.
रूफस मार्चमध्ये गेला.
पत्र त्याला पोचलं होतं म्हणे,
फ्रिजवर लावलं होतं.

आणि अर्विन झायका, लेफ्ट गार्ड.
बारा हंगाम दुसऱ्यांसाठी वाट उघडत राहिला,
चेंडूला हात म्हणून नाही.
एकदाच, डिसेंबरच्या चिखलात,
सुटलेला चेंडू त्याच्या पोटाखाली आला,
तर उठेचना गडी!
पंच चिडले, आम्ही हसून लोळलो,
तो आपला कोंबडीसारखा उबवत बसलेला.

मग कोट आले. तांब्याच्या रंगाचे, रेशमी अस्तराचे.
घातले एकेकानं.
आणि मला वहीतली चूक दिसली.
खांदे खाली ओघळले,
बाह्यांनी पंजे गिळून टाकले,
प्रूइट हात हलवत होता
आणि लोकांना नुसती बाही हलताना दिसत होती.
लोक टाळ्या वाजवत होते. त्यांना इतक्या वरून काय कळणार.
टिलरीच्या बहिणीला कोट गुडघ्यापर्यंत आला.
तिनं कॉलर नाकाशी नेली, वास घेतला.
नवा कोट. त्याला कसला वास असणार.

मी बाजूच्या रेषेवरून चालत आत गेलो.
कुणी अडवलं नाही, त्या गवतात मला कोण अडवतो.
टोपीत टाचण्या असतातच, सवय आहे.
झायकाचं मनगट हातात घेतलं,
दोन घड्या, एक टाचणी,
जशी चिकटपट्टी बांधायचो तशी, आतून बाहेर.
बोटांना सगळं आठवत होतं.
त्यानं माझ्याकडे बराच वेळ बघितलं,
गुडघ्याच्या जखमेकडे बघावं तसं, शोधत.
मग हळूच, टीममधल्या माणसाला विचारावं तसं,
"लेस, आपण पुढे आहोत ना?"

पाठीमागे फलक लखलखत होता.
सतरा गुणांनी हरत होतो.
"सातनं," मी म्हणालो. "आणि चेंडू आपल्याकडे."
तो खुर्चीत सरळ बसला.
दोन्ही मुठी गुडघ्यांवर टेकल्या, मान खाली,
इशाऱ्याची वाट बघत.

पडदे पडले. चौथ्याची दोरी अडकली,
एका पोरानं वर चढून ती सोडवली.

रात्री घरी वही काढली.
जुन्या आकड्यांवर काट मारली नाही.
पुढचं कोरं पान उघडून तारीख घातली,
आणि लिहिलं:
झायका. मनगट, माझ्या अंगठा-तर्जनीच्या वेढ्यात मावतं,
वर थोडी जागा उरते.