मधल्या भावाची काठी

साकोलीच्या नाक्यावर, खताच्या गोडाउनला लागून
निखाऱ्यांच्या पोराने मासोळीच्या सामानाचं दुकान टाकलंय.
दोरा, गऱ्या, शिशाच्या गोळ्या,
डब्यात बडीशेपेच्या वासाचा चारा,
आणि भिंतीला टेकून एकवीस काठ्या,
प्रार्थनेला उभ्या केल्यासारख्या, उंचीनुसार.

"काका, कशासाठी पाहिजे?"
"मासोळीसाठी. आणखी कायसाठी राहते?"
"तसं नाही. रोहू, कतला, मिरगल?"
म्हटलं, सोसायटीने कतल्याचं बी सोडलं होतं,
तीन वर्षं झाली. आता जे लागेल ते.

पहिली साडेचारशेची.
नळीत नळी, ओढली की वाढते, जुन्या रेडिओच्या एरियलसारखी.
टोक वाकवलं. कडी हलली.
पाच किलोचा कतला हिला घेऊन जाईल
आणि मला म्हणेल, जा आता घरी.

मग त्याने आतून आणली, कापडी पिशवीतली.
सहा हजार दोनशे.
काळी, गुळगुळीत, आणि वजन म्हणाल तर
धानाच्या पेंढीतली काडी.
एकतीस वर्षं खांबावर चढून माझा उजवा खांदा गेलाय,
त्या खांद्याने लगेच हो म्हटलं.
"प्युअर कार्बन आहे, काका."

कार्बन.
मी ती काउंटरवर ठेवली, अलगद,
चालू की बंद माहीत नसलेली तार ठेवावी तशी.
"यातून करंट जातो."
पोरगा हसला. "काका, तुम्ही मासे पकडणार का लाइट?"

त्याला काय सांगू.
आमच्या तलावाच्या पारीवरून अकरा केव्ही जाते.
अठ्ठ्याण्णवला मीच ओढली. ताण बरोबर, उंची बरोबर,
साहेबाच्या वहीत आहे.
मग एका उन्हाळ्यात गाळ काढला, पारीवर टाकला.
पार दोन हात वर आली. तार तिथेच राहिली,
उलट मे महिन्यात तापून थोडी खालीच येते.
दुधराम, आम्हा तिघांतला मधला,
ओल्या बांबूची काठी उभी धरून पारीवरून घरी येत होता.
तीन मिरगल लागले होते त्या दिवशी.
मासे गवतात बराच वेळ उडत होते म्हणतात.

मी ड्युटीवर होतो, सबस्टेशनला.
फीडर ट्रिप झाला.
रजिस्टरमध्ये लिहिलं: चार बावन्न. कारण: माहीत नाही.
आणि नियमाप्रमाणे एकदा
पुन्हा चालू करून पाहिला.

"काचेची दाखव," म्हटलं. "पूर्ण काचेची. भेसळ नको."
हिरवट, जरा जड, रबराची मूठ.
बुडाशी पाहिलं, धागे पांढरे होते.
सात फूट. दोन तुकडे, खोलून नेता येते.
वाकवली तर पोटापर्यंत वाकली
आणि परत सरळ व्हायला तिने घाई केली नाही.
"साडेअठराशे. काका, दूर फेकता नाही येणार हिने."
"मला दूर नाही फेकायचं."
पन्नास कमी केले त्याने.
कंजूस समजला असेल. समजू दे.

घरी पुस्तकला तांदूळ पाखडत होती.
"मासोळी दोनशे रुपये किलो. नऊ किलो आली असती.
एवढी कोणती आणली?"
"तीन होत्या," मी म्हटलं. "मधल्या भावाची घेतली."

सूप थांबलं.
मला म्हणायचं होतं: म्हणजे किंमत. दर.
ती माझ्याकडे पाहत राहिली, काही बोलली नाही,
मग सूप बाजूला ठेवून कणीक मळायला घेतली,
दोन माणसांना लागते त्याहून
एक मूठ जास्त.