कारण

तहसीलसमोरच्या निंबाखाली
टायपिंगवाला विचारतो, जुनं नाव सांगा.
मी सांगते : जुई सुनंदा देवरे.
त्याची बोटं थांबतात.
सुनंदा म्हणजे?
म्हणजे मी.

नवीन?
हे प्रल्हाद सांगतो, घसा खाकरून,
जणू पहिल्यांदाच कुणी विचारतंय त्याला :
जुई प्रल्हाद महाजन.
केळीच्या बागेतून थेट आलाय,
नखांत ठिबकच्या नळीचा काळा,
शर्ट तेवढा लग्नातला.

लग्न मार्गशीर्षात झालं, नोंदणीचं.
दोघांचे हार जुईनेच धरून ठेवले होते,
डाव्या हातावर एक, उजव्यावर एक,
आणि साहेब सही करेपर्यंत
एकीकडचं शेवंतीचं फूल तिने खुडून संपवलं.

कारण? टायपिंगवाला म्हणतो.

कारणाचा रकाना बोटभर.
त्यात मावत नाही
चोपड्याच्या दवाखान्यातली पहाट,
नर्सने वडिलांचं नाव विचारल्यावर
लसीकरणाचा तक्ता वाचत बसलेली मी,
आणि दाराशी उभे नाना :
"लिखा ना माय, देवरे लिखा.
मनं शे, तेच तिनं."

मावत नाही दोन घरांमधल्या अडीच गल्ल्या,
ज्या ओलांडायला प्रल्हादच्या आईला
सात वर्षं लागली.
आली एका संध्याकाळी
कळण्याच्या पिठाचा डबा घेऊन.
ओट्यावर ठेवला, पोरीकडे बघितलं,
चहा नको म्हणाली.
डबा अजून आमच्याकडेच आहे.

"आई-वडिलांचा विवाह,"
टायपिंगवाला स्वतःच टाकतो.
सगळ्यांचं हेच असतं म्हणतो.

नवीन नावात मी कुठेच नाही
हे माझ्या लक्षात आलं तोवर
कागद गरम गरम बाहेर पडला होता.
माझं स्वतःचं अजून देवरेच.
त्याचा अर्ज कुणी मागितला नाही,
मीही विषय काढला नाही.

राजपत्र येईस्तोवर
जुई वहीच्या मागच्या पानावर सराव करायची.
ह ची शेपटी तिला जमेना.
देवरे एका दमात यायचं.

मग शाळेत हजेरीचा नंबर
चौदावरून एकतीसवर गेला,
दीपालीच्या बाकावरून दप्तर उठलं.
पहिल्या दिवशी बाईंनी दोनदा पुकारलं,
महाजन जुई, महाजन जुई,
आणि गैरहजेरी मांडली.
घरी येऊन म्हणाली,
"मला वाटलं नवीन मुलगी आलीये कोणी.
मी पण मागे वळून बघत होते."
मी हसले. खूप हसले.
कढईतली फोडणी जळाली.

राहिली एक वाटी.
बारशाला नानांनी दिलेली, स्टीलची,
काठाखाली टिंबाटिंबांनी कोरलेलं :
जुई सु. देवरे.

प्रल्हादच घेऊन गेला ती बाजारात,
रविवारी, पिशवीत गुंडाळून.
भांडीवाला म्हणे,
"खोडता ये नही भाऊ, पत्रा फुटी जाई.
शेजारे टाकी देस नवं."

संध्याकाळी वाटी परत आली, तशीच.
मी विचारलं, टाकलं नाही?

"जागा नव्हती," म्हणाला,
आणि हातपाय धुवायला मोरीत गेला.

मी वाटी उजेडात फिरवून पाहिली.
जागा होती.