पैशाचं सोंग

आज माझं नाव डोरीन.
खात्यानेच ठेवलेलं. कार्डही खात्याचं, चारशे डॉलरचं,
आणि हुकूम असा : तोकोरोआच्या त्या पबात बसायचं,
हरायचं,
आणि कुणी विचारतं का ते पाहायचं.

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं नाही, म्हणतात.
सरकारला येतं. पावतीसकट.

मागच्या खोलीत अठरा मशिनं, खिडकी एकही नाही.
भिंतीवर आमचंच पोस्टर : थांबावंसं वाटतंय? बोला आमच्याशी.
त्यावर कुणाचं तरी ओलं जॅकेट लटकतंय.

साडेदहाला पहिले शंभर गेले.
बारवर जाऊन आणखी काढले.
मेरेआनाने, नाव तिच्या बिल्ल्यावर होतं,
नोटा दोनदा मोजून दिल्या.
साडेअकराला पुन्हा. या वेळी हात जरासे थरथरवले,
प्रशिक्षणात शिकवले होते तसे.
"आज नशीब रुसलंय वाटतं," ती म्हणाली.
हा प्रश्न नव्हे, मी मनात टिपलं. हे विधान.

दर अर्ध्या तासाने मशिन आपणहून थबकतं,
कायद्याने त्याला एवढं वळण लावलंय :
इतकी मिनिटं झाली, इतके गेले. अजून खेळायचंय?
त्या खोलीत तेवढंच एक अगत्याचं.

एकच्या सुमारास मी डोळे पुसले.
हे सोंगात नव्हतं.

शेजारचा म्हातारा, रारोटोंगाचा,
कागदगिरणीत उभा जन्म काढलेला,
सगळे ज्याला पापा तेरेपाई म्हणत होते,
फिरत्या चित्रांवरची नजर न हलवता म्हणाला,
"पोरी, जेवलीस का?"
आणि खिशातून पुडी काढली.
पावात गार मटण. अर्धं मला.

गाडीत बसून फॉर्म भरला.
कर्मचाऱ्याने विचारपूस केली का? नाही.
केली असल्यास किती वाजता? आडवी रेघ.
आता पबला नोटीस जाईल, मेरेआनाला ओरडा बसेल,
परवाना थोडे दिवस खुंटीला,
आणि जॅकेटखाली नवं पोस्टर.

इतर ग्राहकाने विचारल्यास, असा रकाना नाही.

तो चारदा बारवर जाऊन आला होता. मी मोजलं होतं,
मोजायची सवयच आहे.
पाचव्यांदा उठला, काठी शोधत,
तेव्हा माझी वेळ भरली होती.
मी विचारलं नाही.
तपासनिसाने स्वतःची ओळख द्यायची नसते, बरोबर आहे.

पण डोरीनला
विचारता आलं असतं.