आत्याच्या नवऱ्याला काय म्हणतात

सोहारमध्ये आपली त्रेसष्ट घरं.
यादी माझ्याकडे, कारण आधीच्या सेक्रेटरींची दुक्मला बदली झाली
आणि मी सभेला उशिरा पोचले.

यादी म्हणजे काय,
ओ निगेटिव्ह कोण, शुक्रवारी मस्कतला गाडी कुणाची,
पाळणा कुणाकडे रिकामा आहे,
आणि बोबडे गेले तेव्हा
शवपेटीच्या कागदांसाठी रजा कुणाला मिळेल.

मार्चपासून रात्री दोनला नावं येऊ लागली.
जॉन्सन कुलकर्णी. क्षक्षक्ष पाटील.
एका रात्रीत एकशे चाळीस श्वेता.
कुणी कर्ज देतं, कुणी कॅनडा,
कुणी चौदा दिवसांत पोट घालवतं.
बोबडेंच्या श्रद्धांजलीखाली एकाने लिहिलं:
छान माहिती. घड्याळं स्वस्तात मिळतील.

ते पुसलं आणि बाल्कनीत जाऊन उभी राहिले.
घामाने चष्मा धुकटला.
लांब समुद्रात, बंदरात शिरायची परवानगी मिळेतो
दिवे लावून थांबलेली जहाजं.

मग मी एक प्रश्न ठेवला.
चंपाषष्ठीला भरीत कशाचं?
आठ दिवस शांतता. नवव्या दिवशी
सगळ्या श्वेता म्हणाल्या, वांग्याचं.
एका सेकंदात. अनुस्वारही जागच्या जागी.

म्हणून दुसरा प्रश्न. आत्याच्या नवऱ्याला काय म्हणतात?

श्वेता म्हणाल्या, काका.
परुळेकर म्हणाले, मामा, दुसरं काय?
अकोल्याच्या बाईंनी मामाजी लिहून
खाली मलाच विचारलं, तुम्ही कुणाच्या?
एकाला आत्याच नव्हती, नुसते चार काका.
आणि लिवाच्या लेबर कॅम्पातून झुंबर सानप, वेल्डर:
आत्यानं नवरा सोडल्याला. आमी त्याला कायबी म्हनत न्हाई.
तिकडं आपली मान्सं हायेत का?

नियमाने उत्तर चूक.
तीन दिवस ते नाकारलेल्यांत पडून होतं,
श्वेतांच्या गर्दीत, कोपर अंगाशी धरून.

आता यादीत चौसष्ट.
फजरच्या अजानआधी उठते, चहा ठेवते,
आणि बरोबर उत्तरं बाजूला सारून
आधी चुकलेली वाचते.

फक्त त्या मार्चमधल्या रात्री
एकशे चाळीस नावं मी एका बोटाने पुसली होती.
त्यांतली एखादी
खरंच श्वेता असेल,
नवी आलेली, नाइट ड्यूटीवरून सुटलेली,
रात्री दोनलाच मोकळी होणारी.
चहा उतू जातो.