हाडांची मोजदाद

प्राध्यापक दाशझेवेग म्हणाले, एक आलेख काढ,
आपल्या देशानं हाडांवर किती लिहिलं, केव्हा, कशाबद्दल.
म्हणून हा हिवाळा उलानबातरच्या एका तळघरात गेला,
हातमोजे न काढता पानं उलटत,
फटीतून येणाऱ्या कोळशाच्या धुरानं खोकत.

सुरुवातीचे निबंध टंकलेले, जांभळ्या कार्बनचे.
त्यांत सगळे घोड्यावरून पडलेले.
खांदा, मनगट, खांदा.
जुलैतल्या शर्यतींनंतर पोरांची कोपरं,
सात वर्षांचा स्वार, आठ वर्षांचा,
नावाच्या जागी नुसतं आद्याक्षर.

मग दोन वर्षं कोरी.
मी कपाटं पुन्हा धुंडाळली.
ग्रंथपाल बाई म्हणाल्या, तेव्हा कागद नव्हता गं.
प्लास्टरही नव्हतं.

पुढे घोडे विरळ होतात, मोटारसायकली येतात:
नडगी, नडगी, कातडी फाडून आलेली नडगी,
पोकळीत ठोकलेली सळई, सहा महिन्यांनी फोटो.
मग शहर फुगतं, जिन्यांवर बर्फ साचतो,
म्हाताऱ्यांचे खुबे.
आणि अलीकडे नुसते गुडघे,
इंग्रजीत, गुळगुळीत कागदावर,
पहिलं नाव सोलचं किंवा साप्पोरोचं,
आमचं शेवटून दुसरं.

रेघ चढत जाते. प्राध्यापक खूश.
म्हणतात, बघ, देश कसा उभा राहिला.
कुठल्या पायावर, ते विचारायचं राहून गेलं.

माझ्या वडिलांचा डावा पाय त्या कोऱ्या वर्षांतला.
झावखानच्या उतारावर घोडी अडखळली.
हाड बसवणारी बाई दीड दिवसाच्या वाटेवरून आली,
तोंडात धरलेली व्होडका पायावर फवारली,
डोळे मिटून अंगठ्यानं चाचपत राहिली,
अंधारात सुई ओवावी तशी,
आणि ओढलं.
जुळलं. बोटभर वाकडं जुळलं.
मोडेन पण वाकणार नाही म्हणणाऱ्यांनी ते हाड बघावं:
मोडलं, वाकलं,
आणि तीस वर्षं रिकिबीत आहे.

त्या बाईनं किती हाडं बसवली, कुठेच लिहिलेलं नाही.
आलेखाखाली मी एक ओळीची टीप घातली होती.
प्राध्यापकांनी ती पेन्सिलीनं खोडली,
रागानं नव्हे. म्हणाले, संदर्भ काय देणार?

काल फोन लागला. रेंज टेकडीवरच मिळते,
म्हणून वडील धापा टाकत होते.
हिवाळाभर काय केलंस?
हाडं मोजली.
मेंढ्यांची?
माणसांची.
बराच वेळ नुसता वारा.
मग म्हणाले, तपकिरी घोडी आज-उद्या विणार,
येताना विजेरीचे सेल आण.
जाडे.